वळताना व्हॅन आवाज करते? आधी निदान, मग खर्च

मुंबईच्या उपनगरांत व्हॅनवर अनेकांचे घर चालते. बोरिवली-कांदिवलीत शाळेच्या मुलांची ने-आण करणारी ईको, मरोळच्या कंपन्यांत जेवणाचे डबे पोहोचवणारी जुनी ओम्नी, घाटकोपरच्या दुकानांतला माल गल्लोगल्ली नेणारी सुप्रो, मुलुंडहून गणपतीला अख्खे कुटुंब कोकणात घेऊन जाणारी सात आसनी गाडी, या सगळ्या रोज खड्डे, पेव्हर ब्लॉक, मेट्रोच्या कामांचे पत्रे आणि अरुंद वळणे यांतून वाट काढतात. त्यामुळे एखाद्या दिवशी वळण घेताना पुढून ‘कट-कट’, खालून ‘घूं’ किंवा मागून ‘खडाड्’ असा आवाज येऊ लागला, तर नवल नाही.

अशा वेळी दोन चुका हमखास होतात. एक तर आवाजाची सवय लावून घेतली जाते आणि थोडक्यात निभावणारे काम मोठे होते. नाहीतर गॅरेजमध्ये जाऊन आवाजाच्या मागे एकेक पार्ट बदलला जातो. शॉकअप बदलले, लोअर आर्म बदलली, अलाइनमेंट झाली, तरी आवाज तसाच. बदललेल्या प्रत्येक पार्टचे पैसे मालकाच्या खिशातून गेलेले असतात.

या मार्गदर्शनाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: पार्टचे पैसे देण्याआधी निदानाचे पैसे द्या. चांगला मिस्त्री गाडी जॅकवर घेऊन, चाक हलवून, एक फेरी मारून आवाजाची जागा शोधतो. त्यासाठी साधारण २०० ते ५०० रुपये लागतात, आणि पुढचे काम त्याच्याकडेच केले तर बहुतेक वेळा ते बिलातून वजाही होतात. या रकमेत कंजुषी करू नका.

आपल्या व्हॅनची चालना कोणत्या चाकांना?

निदानाची सुरुवात इथून होते आणि चुकीच्या निदानाचीही. आज रस्त्यावरच्या बहुसंख्य लहान मोटारींत इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते. म्हणून त्यांत पुढच्या एक्सलला सीव्ही जॉइंट असतात. त्यांचे रबरी बूट फाटले, ग्रीस बाहेर गेले आणि माती आत शिरली, की स्टेअरिंग पूर्ण कापून अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर ‘कट-कट-कट’ आवाज येतो. मोटारींवर काम करणाऱ्या मिस्त्रीच्या डोक्यात हे समीकरण पक्के बसलेले असते: वळताना कट-कट म्हणजे एक्सल गेला.

मारुतीची ओम्नी १९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून आली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ईको २०१० पासून विकली जाते. या दोन्ही व्हॅनचे इंजिन पुढच्या आसनांखाली आहे आणि ताकद प्रोपेलर शाफ्टमधून मागच्या चाकांना जाते. पुढची चाके फक्त वळतात. त्यांना सीव्ही जॉइंट नाहीतच. महिंद्रा सुप्रो आणि फोर्स ट्रॅव्हलर यांतही चालना मागच्या चाकांना आहे. टाटा विंगर आणि मारुती अर्टिगा मात्र पुढच्या चाकांवर चालतात, म्हणून त्यांत एक्सल जॉइंटचा संशय रास्त ठरतो.

तेव्हा ईको किंवा ओम्नीच्या पुढच्या बाजूचा आवाज ऐकून कोणी ‘पुढचा एक्सल जॉइंट बदलावा लागेल’ म्हणाले, तर गाडी तिथून परत घ्या. त्या माणसाने खाली वाकून पाहिलेलेच नाही.

गॅरेजला जाण्याआधी घरी काय पाहावे

व्हॅन पूर्ण रिकामी करा. रिकामी व्हॅन पत्र्याच्या डब्यासारखी घुमते. मागे सैल पडलेला पाना पुढच्या चाकात काही मोडल्यासारखा ऐकू येतो. स्टेपनी, जॅक, टूलकिट, मागचे आसन, आसनाखाली पडलेली पाण्याची बाटली, सरकत्या दाराचे रोलर आणि टपावरचे कॅरिअर, सगळे हाताने हलवून पाहा.

सीएनजी व्हॅन असेल तर टाकीकडे विशेष लक्ष द्या. टाकी चांगली वजनदार असते. तिच्या पट्ट्यांचे नट सैल झाले किंवा पट्टीखालचे रबर झिजले, की वळणावर टाकी किंचित सरकते आणि ‘धप्’ असा आवाज येतो. हे नट स्वतः आवळू नका. अधिकृत सीएनजी केंद्रात किंवा किट बसवणाऱ्याकडे जा. पट्टी आवळणे किंवा रबर बदलणे ३०० ते ८०० रुपयांत होते. टाकीची हायड्रो टेस्ट दर ३ वर्षांनी करावी लागते. ती जवळ आली असेल, तर दोन्ही कामे एकाच फेरीत उरकता येतात.

मग चाकांचे नट पाहा. नुकतेच पंक्चर काढले असेल, टायर बदलले असतील किंवा अलाइनमेंट झाली असेल, तर ही तपासणी सर्वांत आधी. नट सैल राहिले तर वळताना ‘टक-टक’ येते आणि चाक निखळण्याचा धोका असतो. चारही चाकांचे नट पान्याने आवळून घ्यायला काही खर्च येत नाही.

शेवटी पुढची चाके पूर्ण वळवून टॉर्चने आत पाहा. टायर मडफ्लॅपला किंवा आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला घासत असेल, तर तिथे चकचकीत पट्टा दिसतो. मूळ मापापेक्षा रुंद टायर घातलेल्या व्हॅनमध्ये हा प्रकार नेहमी आढळतो. स्प्रिंगचा वेढा तुटलेला आहे का, शॉकअप तेलाने ओले आहे का, कुठला रबरी बूट फाटला आहे का, हेही याच वेळी दिसते.

सहा चाचण्या, ज्यांनी संशयितांची यादी लहान होते

या चाचण्या सोसायटीच्या आवारात, मोकळ्या मैदानात किंवा रविवारी सकाळी मरोळ एमआयडीसीसारख्या भागातल्या रिकाम्या रस्त्यावर करा. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे किंवा एलबीएस मार्गावर भर रहदारीत प्रयोग नकोत. सोबत एक माणूस घ्या. एकाने गाडी चालवावी, दुसऱ्याने बाहेरून ऐकावे आणि मोबाइलवर आवाज टिपावा.

१. गाडी उभी ठेवून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. आवाज इथेच आला, तर संशय स्टेअरिंग, बॉल जॉइंट आणि शॉकअपच्या वरच्या माउंटिंगवर. चाकाचा बेअरिंग, डिफरेन्शियल आणि एक्सल जॉइंट यादीतून बाद, कारण चाके फिरलेलीच नाहीत.

२. स्टेअरिंग पूर्ण कापून चालण्याच्या वेगाने एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे गोल फेरी मारा. कोणत्या बाजूला आवाज येतो ते लिहून ठेवा.

३. तशाच फेरीत क्षणभर क्लच दाबून गाडी आपोआप पुढे जाऊ द्या. ताकद तोडताच आवाज थांबला, तर कारण चालनेच्या साखळीत आहे: डिफरेन्शियल, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, इंजिनचे माउंटिंग किंवा पुढच्या चालनेच्या गाडीत एक्सल जॉइंट.

४. फेरीत असतानाच ब्रेक हलका दाबा. आवाज बंद झाला किंवा बदलला, तर ब्रेक पॅड, कॅलिपर किंवा डिस्कमागचा पत्रा तपासा.

५. सरळ रस्त्यावर गतिरोधक ओलांडा. तिथेही तोच ‘खट्’ आला, तर कारण वळण नसून बुश, शॉकअप किंवा बॉल जॉइंट असण्याची शक्यता जास्त.

६. मोकळ्या रस्त्यावर ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने सौम्य वळण घ्या. वेगाबरोबर चढणारी ‘घूं-घूं’ वळणावर कमी-जास्त होत असेल, तर चाकाचा बेअरिंग. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकांवर जाते. म्हणून उजव्या वळणावर घरघर वाढली तर आधी डावा बेअरिंग तपासायचा, आणि डाव्या वळणावर वाढली तर उजवा.

या सहा उत्तरांची चिठ्ठी मिस्त्रीच्या हातात द्या. ‘गाडी आवाज करते’ एवढेच सांगणाऱ्या मालकापेक्षा ‘उभ्या गाडीत येत नाही, डावीकडे कापल्यावर येतो, क्लच दाबला की थांबतो’ असे सांगणाऱ्याचे काम लवकर आणि नेमके होते.

आवाज, कारण आणि खर्च

पुढचे आकडे ईको-ओम्नी वर्गातल्या व्हॅनसाठी उपनगरांतल्या साध्या गॅरेजचा ठोकताळा आहेत. मॉडेल, वर्ष आणि पार्टची कंपनी यांनुसार ते बदलतात. अधिकृत केंद्रात लेबर साधारण दीडपट ते दुप्पट धरा. विंगर, ट्रॅव्हलर अशा मोठ्या गाड्यांचे पार्ट बरेच महाग पडतात.

*उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना ‘टण्’ किंवा ‘कट्ट’.* ईकोला पुढे मॅक्फर्सन पद्धतीचे शॉकअप आहेत. त्यांच्या डोक्यावर रबरी माउंटिंग आणि बेअरिंग असतो. पावसाचे पाणी आणि धूळ शिरून हा बेअरिंग अडकला, की स्प्रिंग स्टेअरिंगबरोबर फिरत नाही. ती पिळत जाते आणि एकदम सुटते. तोच हा आवाज. माउंटिंग किट एका बाजूचे ६०० ते १,५०० रुपये, लेबर बाजूला ५०० ते १,०००. शॉकअप गळत नसतील तर ते बदलायची गरज नाही. गळत असतील तर याच वेळी बदला, कारण खोलण्याचे श्रम तेच असतात. एक शॉकअप १,५०० ते ३,००० रुपये. माउंटिंग असो वा शॉकअप, दोन्ही बाजूंचे जोडीने बदलणे योग्य.

*हळू वळताना ‘चूं-चूं’, ‘किर्र’.* लोअर आर्मचा बॉल जॉइंट कोरडा पडला आहे किंवा बुशचे रबर कडक झाले आहे. बॉल जॉइंटचा बूट फाटला की पावसाळ्यात पाणी आत जाते. मिलन सबवे, अंधेरी सबवे किंवा कुर्ल्याजवळच्या एलबीएस मार्गावर साचलेल्या पाण्यातून गाडी नेल्यानंतर काही आठवड्यांत अशा तक्रारी सुरू होतात, त्याचे कारण हेच. लोअर आर्म बॉल जॉइंटसह १,००० ते २,२०० रुपये, लेबर ३०० ते ६००. दोन्ही बाजू एकदम बदलायलाच हव्यात असे नाही. जिथे ढिलाई आहे तीच बदला. मात्र नंतर अलाइनमेंट अनिवार्य, तिचे ३०० ते ६०० रुपये.

*वळताना आणि खड्ड्यातही ‘खट्-खट्’, हातात स्टेअरिंग हलते.* टाय रॉड एंड किंवा स्टेअरिंग बॉक्सचा बुश झिजला आहे. पुढचे चाक जॅकवर घेऊन डावी-उजवी बाजू धरून हलवले तर ढिलाई कळते. चाक वर-खाली धरून हलवल्यावर ढिलाई जाणवली, तर मात्र बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. टाय रॉड एंड ३०० ते ७०० रुपये, लेबर २०० ते ४००, वर अलाइनमेंट. बॉक्सचा फक्त बुश बदलून काम भागत असेल तर १,२०० ते २,००० रुपये. पूर्ण बॉक्स बदलायचा तर ५,००० ते ९,००० रुपये. म्हणून ‘बॉक्स गेला’ असे ऐकल्यावर आधी टाय रॉड एंड तपासल्याची खात्री करा.

*वेगाबरोबर वाढणारी ‘घूं-घूं’.* चाकाचा बेअरिंग. पार्ट ६०० ते १,५०० रुपये. बेअरिंग प्रेसवर काढून बसवावा लागत असल्याने लेबर ५०० ते १,०००. हातोड्याने ठोकून बसवलेला बेअरिंग लवकर जातो. ‘प्रेस मशीन आहे का?’ हा प्रश्न आधीच विचारा. शिवाय झिजलेले टायरही असाच आवाज काढतात. पुढचे टायर मागे टाकून आवाजाची जागा बदलते का, हे पाहण्याला १०० ते २०० रुपये पुरतात. बेअरिंगवर पैसे घालण्याआधी ही चाचणी करून घ्या.

*पूर्ण कापल्यावर फक्त अ‍ॅक्सिलरेटर देताना आवाज.* मागच्या चालनेच्या व्हॅनमध्ये वळताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापते. हा फरक सांभाळण्याचे काम डिफरेन्शियल करते. त्यातल्या लहान गिअरना काम फक्त वळणावर असते, म्हणून त्यांची झीज वळतानाच ऐकू येते. आधी तेलाची पातळी पाहा. तेल गळून कमी झाले असेल तर गळती थांबवणे आणि तेल बदलणे ८०० ते १,५०० रुपयांत होते. काढलेल्या तेलात धातूचे कण दिसले तर डिफरेन्शियल खोलावे लागेल. तो खर्च ६,००० ते २०,००० रुपयांपर्यंत जातो. तेल डोळ्यांसमोर काढायला सांगा. कण नसतील तर ‘क्राउन-पिनियन बदला’ हा सल्ला मानू नका.

*उचलताना एकच ‘टक्’, वळणावर जास्त स्पष्ट.* प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. पार्ट ४०० ते ९००, लेबर ५०० ते ८०० रुपये. ईको-ओम्नीत इंजिन आसनाखालीच असल्याने त्याच्या फाटलेल्या माउंटिंगचा धक्काही चालकाला पायाखाली जाणवतो. एक माउंटिंग ५०० ते १,५०० रुपये.

*पूर्ण कापल्यावर ‘ऊंऽऽ’ किंवा किंचाळी.* हा प्रकार तेलावर चालणाऱ्या पॉवर स्टेअरिंगच्या गाड्यांत येतो. तेल कमी आहे किंवा पट्टा सैल आहे. तेल आणि पट्टा ८०० ते २,५०० रुपये, पंप गेल्यास मोठ्या व्हॅनमध्ये १०,००० च्या पुढे. साध्या स्टेअरिंगच्या ईको-ओम्नीत पंपच नाही. स्टेअरिंग टोकाला नेऊन तसेच दाबून धरण्याची सवय या पंपाला मारते, ती सोडा.

*वळताना मागून ‘कर्र-कर्र’.* ओम्नीला मागे पाट्याच्या स्प्रिंगा आहेत. पाट्यांमध्ये गंज धरला किंवा शॅकलचा बुश गेला की वजन एका बाजूला झुकताना त्या ओरडतात. पाटे खोलून साफ करून ग्रीसिंग १,००० ते १,८०० रुपये. ईकोला मागे कॉइल स्प्रिंगा आहेत. तिथे एक्सल धरणाऱ्या दांड्यांचे बुश तपासायचे.

*टाटा विंगर, अर्टिगा अशा पुढच्या चालनेच्या गाडीत ‘कट-कट-कट’.* एक्सल जॉइंट. आवाज सुरू होण्याआधीच फाटलेला बूट दिसला, तर बूट आणि ग्रीस ८०० ते १,५०० रुपयांत होते. आवाज सुरू झाल्यावर जॉइंट किंवा अख्खा एक्सल बदलावा लागतो आणि अर्टिगासारख्या गाडीला ३,००० ते ७,००० रुपये बसतात. वेळेवर वाकून पाहिल्याचा फायदा सर्वांत जास्त याच कामात दिसतो.

या लक्षणांवर गाडी जागच्या जागी थांबवा

चाक उघड हलताना दिसणे, स्टेअरिंग मध्येच अडकणे, गाडी आपोआप एका बाजूला ओढणे, चाकाजवळून जळका वास किंवा असह्य उष्णता, आणि आधी ‘खट्-खट्’ असलेला आवाज अचानक मोठा होणे. बॉल जॉइंट निखळला तर पुढचे चाक बाहेर दुमडते आणि गाडी ताब्यात राहत नाही. जेव्हीएलआरच्या उतारावर किंवा कशेडी-परशुराम घाटात असे झाले, तर परिणाम काय होईल हे सांगायला नको. उपनगरातल्या उपनगरात टोइंगला १,५०० ते ३,००० रुपये लागतात. विम्यात रस्त्यावरच्या मदतीचे कलम घेतले असेल तर ते बहुधा त्यात भागते. शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्यांनी असा आवाज आल्यावर एकही फेरी करू नये. एक दिवस दुसरी गाडी भाड्याने लावा, पालकांना खरे कारण सांगा. ते समजून घेतात.

जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका. चाक हलवून पाहतानाही गाडी सपाट जागी, गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून, विरुद्ध चाकांना अडण लावून आणि मजबूत टेकू देऊन ठेवा. विटांचा टेकू चालत नाही.

कुठे न्यावी?

गाडी वॉरंटीत असेल तर अधिकृत केंद्रातच. मारुतीने जुलै २०२४ पासून नव्या गाड्यांची मूळ वॉरंटी ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर, यांतले जे आधी होईल ते, अशी केली आहे. ब्रेक पॅड, रबरी भाग यांसारख्या झिजणाऱ्या वस्तू वॉरंटीत सहसा येत नाहीत. बेअरिंग, स्टेअरिंग बॉक्स, डिफरेन्शियल यांतल्या दोषांसाठी मात्र दावा करता येतो. तक्रार जॉब कार्डवर आवाजाच्या नेमक्या वर्णनासह लिहून घ्या. मुदत संपण्याआधी नोंदलेली तक्रार पुढे कामी येते.

वॉरंटी संपली असेल तर व्हॅनवर रोज काम करणारे गॅरेज शोधा. मोठी इमारत असलीच पाहिजे असे नाही. तुमच्या भागातल्या शाळेच्या व्हॅनचालकांना, कॅटरिंगवाल्यांना विचारा, त्यांची गाडी कोण पाहते. बेअरिंग प्रेस, दोन पोस्टची लिफ्ट किंवा खड्डा, आणि चालवून पाहण्याची तयारी, या तीन गोष्टी असल्या की पुरे. निदान आणि टायरची विक्री एकाच दुकानात होत असेल, तर निदान दुसरीकडून पडताळा.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने, वापरलेले पार्ट स्वस्तात मिळतात. दाराचा रोलर, आसनाचा सांगाडा, मागचा दिवा यांसाठी तिथे जाणे शहाणपणाचे आहे. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, बेअरिंग आणि ब्रेकचे भाग मात्र जुने घेऊ नका. त्यांचे उरलेले आयुष्य डोळ्यांना दिसत नाही आणि वाचलेल्या काही शे रुपयांवर घरच्यांचा जीव तोलला जातो.

पार्ट, एमआरपी आणि बिल

काम सुरू होण्याआधी चार गोष्टी मागा: दोष प्रत्यक्ष हलवून दाखवणे, पार्ट आणि लेबर वेगवेगळे लिहिलेला अंदाज, जास्तीचे काम निघाल्यास आधी फोन, आणि काढलेला जुना पार्ट परत. चौथी अट आधीच सांगितली की न बदललेल्या पार्टचे बिल लागण्याची शक्यता फार कमी होते.

नवा पार्ट सीलबंद पुडक्यातच पाहा आणि पुडक्याचा फोटो काढा. त्यावरची एमआरपी सर्व करांसह असते. त्या किमतीवर पुन्हा जीएसटी चढवता येत नाही. बिलात एमआरपीएवढा दर धरून खाली आणखी १८ टक्के जोडले असतील, तर तो हिशेब चुकीचा आहे, तिथल्या तिथे बोट ठेवा. लेबरवर मात्र नोंदणीकृत गॅरेज १८ टक्के जीएसटी वेगळा लावू शकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सर्व वाहन-भागांवरचा जीएसटी १८ टक्के झाला आहे. त्याआधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. जुन्या दराचे अंदाजपत्रक हाती आले तर नव्या दराने बदलून मागा.

‘बिल नको, पाचशे कमी देतो’ ही सवलत नाकारा. बिल नसेल तर पार्टची वॉरंटी नाही, कामाचा पुरावा नाही आणि पुढे दाद मागायचा पाया नाही. काम झाल्यावर त्याच सहा चाचण्या मिस्त्रीला शेजारी बसवून पुन्हा करा आणि मगच पैसे द्या.

फसवणूक वाटली तर

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवा दिल्यावर बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि निष्काळजी काम ही सेवेतील त्रुटी. पहिली पायरी म्हणजे गॅरेजला लेखी तक्रार. व्हॉट्सअ‍ॅप किंवा ईमेलने केली तरी चालते. दुसरी पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून ग्राहकांच्या बाजूने उभी आहे. विलेपार्ले पश्चिमेतल्या ग्राहक भवनातून तिचे मार्गदर्शन मिळते. तरीही प्रश्न सुटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मुंबई उपनगर जिल्ह्याचा आयोग वांद्रे पूर्वेला आहे. ग्राहकाला आपल्या राहत्या किंवा कामाच्या ठिकाणच्या आयोगात तक्रार करता येते. ई-जागृती संकेतस्थळावरून ती घरबसल्याही दाखल होते. मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत मात्र २ वर्षांची.

‘व्हॅन धंद्याची आहे, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ असे सांगून कोणी परत पाठवले तर घाबरू नका. स्वतः राबून, केवळ उपजीविकेसाठी वापरलेली वस्तू किंवा सेवा या कायद्यात व्यापारी हेतू मानली जात नाही. एका व्हॅनवर घर चालवणारा चालक-मालक ग्राहकच आहे.

किती पैसे बाजूला ठेवावेत?

सैल नट, घासणारे अस्तर, सामानाचा खडखडाट: शून्य ते ८०० रुपये. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, बेअरिंग, माउंटिंग यांपैकी एखादे काम अलाइनमेंटसह: ८०० ते ३,४०० रुपये. जोडीने शॉकअप आणि माउंटिंग: ५,२०० ते ११,००० रुपये. स्टेअरिंग बॉक्स किंवा डिफरेन्शियल: ५,००० ते २०,००० रुपये. वळतानाच्या बऱ्याच आवाजांचे उत्तर पहिल्या दोन गटांत सापडते. म्हणून कोणी थेट शेवटच्या गटातला आकडा सांगितला, तर दुसऱ्या मिस्त्रीचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

पावसाळा संपल्यावर एकदा आणि गणपतीला कोकणात निघण्याच्या आधी एकदा, अशी वर्षातून दोनदा पुढची चाके आणि खालचे बूट तपासून घ्या. आवाज आला की त्याच आठवड्यात निदान करा, दोष हलवून दाखवल्याशिवाय पार्टला हात लावू देऊ नका, आणि बिल घेतल्याशिवाय गॅरेजमधून गाडी बाहेर काढू नका.